वस्तूंची नावे सांगणारी माणसे अजून घरात आहेत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

यंदा स्वातंत्र्यदिन शुक्रवारी आल्यामुळे अनेकांना सलग तीन दिवसांची सुटी मिळाली. आमच्या घरात लोणावळ्यापासून महाबळेश्वरपर्यंत सर्व बेत चर्चेला येऊन गेले. परंतु अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि गुडघेदुखीने त्रस्त असलेले माझे वडील या दोघांनाही झेपेल असे त्यांपैकी एकही ठिकाण नव्हते. अखेर रविवारी आम्ही सहाही जण पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. तेथे घालवलेल्या तीन तासांत जे अनुभवास आले, ते आपल्या वाचकांसमोर मांडावे आणि त्यातून सुचलेली एक विनंती आपणांस करावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या संग्रहालयाचा इतिहास अनेकांना ठाऊक असेल. चष्म्यांचे दुकान चालवणारे आणि 'अज्ञातवासी' या टोपणनावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी गावोगावी फिरून, जुन्या वाड्यांतून आणि भंगाराच्या ढिगांतून एकेक वस्तू जमवली. वयाच्या अवघ्या सातव्या वर्षी गेलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि 1975 साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वीस हजारांहून अधिक वस्तूंपैकी सुमारे अडीच हजार मांडून ठेवलेल्या आहेत. कोथरूडहून आणून येथे पुन्हा उभारलेला मस्तानी महाल पाहण्यासाठी बहुतेक लोक येतात आणि तो पाहण्यासारखा आहेच. आम्ही मात्र सर्वाधिक वेळ रमलो तो अडकित्ते, पानदाने, दौती, दिवे, फण्या आणि स्वयंपाकघरातील भांडी यांच्यापुढे.

ज्या वस्तू माझ्या मुलांसाठी काचेआडच्या प्राचीन वस्तू होत्या, त्यांतील निम्म्याअधिक सासूबाईंनी स्वतःच्या हातांनी वापरलेल्या होत्या. एरवी जेवणाच्या वेळीसुद्धा मोजकेच बोलणाऱ्या सासूबाई तेथे अखंड बोलत होत्या. अडकित्त्यांपुढे उभे राहून त्यांनी ओली सुपारी कशी वाळवतात, रोठा सुपारी कशी कातरतात, कातरण बारीक हवे असेल तर अडकित्त्याचे पाते कसे धरावे लागते, हे हाताने करून दाखवले. आंघोळीच्या वेळी टाचा घासण्याच्या वज्रीपुढे माझी तेरा वर्षांची मुलगी बराच वेळ थबकली होती. इतक्या साध्या कामाच्या वस्तूवर पक्षी आणि प्राणी घडवण्याचे कष्ट कोणी का घेतले असतील, असे तिने विचारले. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "रोज हातात येणारी वस्तू देखणी नसावी तर कोणती असावी?" इतके नेमके उत्तर मला देता आले नसते.

विळी पाहिल्यावर तर वादच झाला. सासूबाईंचे माहेर सावंतवाडीकडचे, त्यामुळे त्या तिला आडाळो म्हणतात. माझे वडील नगर जिल्ह्यातले, त्यांनी हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. मग उखळाचा विषय निघाला आणि जमिनीत पुरलेल्या उखळाला कोकणात व्हायन म्हणतात, हे आम्हाला कळले. घरी परतल्यावर वडिलांनी नातवाला दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, असे धान्याच्या मापांचे कोष्टक तोंडपाठ म्हणून दाखवले. वडिलांना असे कोष्टक येते, हे त्यांची मुलगी असूनही मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. त्यांना ते कधी कोणी विचारलेच नव्हते, याची खंत त्या रात्री मला फार वाटली.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरातील लहानशा संग्रहालयात आम्ही गेलो होतो. तेथे एका देखण्या पात्राखाली 'भांडे, पितळ' एवढेच लिहिलेले होते. त्यात काय शिजत असे, ते कोणत्या भागातले, त्याला तेथील बायका काय म्हणत, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. वस्तू जतन झाली होती, पण तिचे नाव आणि तिचा उपयोग तिच्याबरोबर आलेला नव्हता. पितळ शेकडो वर्षे टिकते. ते वापरणाऱ्यांच्या स्मरणातील शब्द मात्र ती माणसे आहेत तोवरच आपल्या हाती आहेत. उखळ-मुसळ, जाते, पाण्याचा बंब हे सारे रोजच्या वापरातून गेल्याला फार काळ लोटलेला नाही. ते वापरलेली पिढी आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहे.

म्हणून सुटीच्या दिवशी संग्रहालयात जाणाऱ्या कुटुंबांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, आजी-आजोबांना 'त्यांना चालवणार नाही' असे म्हणून घरी ठेवू नये. अर्थात हे सोपे नाही. आम्हीही दर अर्ध्या तासाने बसत होतो, वरचे मजले घाईने पाहिले आणि वाद्यांच्या दालनापर्यंत पोहोचेस्तोवर वडील थकले होते. तरीही सगळे पाहून होण्यापेक्षा चार वस्तूंपुढे त्यांच्या गतीने थांबणे मुलांना अधिक देऊन गेले. दालनादालनांत पाठ टेकता येईल अशी बाके असावीत, ही मागणी मी सर्वच संग्रहालयांच्या व्यवस्थापकांकडे करते. ज्येष्ठांना बसता आले, तर ते बोलतील.

आपणांस विनंती अशी की, आपल्या रविवारच्या अंकात एका जुन्या घरगुती वस्तूचे छायाचित्र छापावे आणि तिचे नाव, उपयोग व आपल्या भागातील शब्द कळवण्याचे आवाहन वाचकांना करावे. कोकण, खानदेश, मराठवाडा, विदर्भ, गोवा येथून येणारी उत्तरे गावाच्या नावासह पुढील अंकात प्रसिद्ध व्हावीत. एकाच वस्तूची पाच नावे आली, तर पाचही छापावीत. त्यांतले प्रमाण कोणते, हे ठरवण्याची घाई करू नये. ज्यांना ई-मेल करता येत नाही, त्यांच्या हस्ताक्षरातील पोस्टकार्डेही स्वीकारावीत, कारण ज्यांना उत्तर ठाऊक आहे ते बहुधा तेच असतील.

आमच्या माळ्यावर वीतभर उंचीचे एक पितळी पात्र आहे. त्याच्या झाकणाला बारीक छिद्रे असून एका बाजूला तुटलेली साखळी आहे. ते सासूबाईंच्या सासूबाईंचे होते. परंतु ते कशासाठी वापरत, हे सासूबाईंनाही सांगता आले नाही आणि माझ्या वडिलांनाही. त्याचे छायाचित्र या पत्रासोबत जोडले आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, चिंचवड