परक्या मैदानाचा कोपरा

न्यूकॅसल अपॉन टाईन
५ जून २०२५

तीर्थरूप अण्णांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

आपले पत्र पोहोचले. फुटबॉलचा सामना घरबसल्या टीव्हीवर दिसत असताना त्यासाठी चारशे-पाचशे किलोमीटर बसने जाण्यात कसला आला शहाणपणा, असे आपण विचारले आहे. प्रश्न रास्त आहे; पण घरबसल्या सामना दिसतो तो आपल्याला, मला नव्हे. शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे सामने ब्रिटनमध्ये थेट दाखवीतच नाहीत. लहान क्लबांच्या मैदानांवरची गर्दी ओसरू नये म्हणून पावणेतीन ते सव्वापाच या वेळात प्रक्षेपण बंद ठेवण्याची प्रथा १९६०च्या दशकापासून चालत आली आहे. २३ डिसेंबर २०२३ रोजी आमच्या न्यूकॅसल युनायटेडचा ल्यूटनशी सामना झाला, तेव्हा कोल्हापुरात रात्रीचे साडेआठ वाजले होते आणि आपण ताट पुढे घेऊन तो पाहू शकत होता; न्यूकॅसलमध्ये राहणाऱ्या माणसाला मात्र तो पाहायचा तर ल्यूटन गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते.

यापुढचे समजावून सांगणे थोडे अवघड आहे, कारण आपल्या पेठांच्या फुटबॉलमध्ये पाहुणा संघ असा नसतोच. पाटाकडील असो, खंडोबा असो, दिलबहार असो की आपले शिवाजी मंडळ, सगळे शाहू स्टेडियमवरच खेळतात, आणि खुन्नस कितीही टोकाची असली तरी दोन्हीकडचे प्रेक्षक आपापल्या गल्लीतून चालत येतात आणि हरले तरी जेवायला घरीच जातात. इथे हंगामातल्या ३८ सामन्यांपैकी १९ दुसऱ्याच्या गावी होतात, आणि न्यूकॅसल पडले इंग्लंडच्या उत्तर टोकाला. लंडन साडेचारशे किलोमीटर, बोर्नमथ त्याहून शंभरेक किलोमीटर पुढे. पहाटे अंधारात निघावे आणि मध्यरात्र उलटल्यावर परतावे, हा आमचा नेहमीचा शनिवार.

पाहुण्यांना मैदानाचा एक कोपरा मिळतो: तीन हजार जागा किंवा मैदानाच्या क्षमतेचा दहावा भाग, यांपैकी जे कमी असेल ते. तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा आहे, म्हणजे आपले साडेतीन हजार रुपये धरा. ही मर्यादा प्रेक्षकांनी चळवळ करून २०१६ साली मिळवली. पैशापेक्षा कठीण काम तिकीट मिळण्याचे. जितके परगावचे सामने पाहिलेत तितके गुण खात्यावर जमा होतात आणि गुण जास्त त्याला तिकीट आधी. २०२१ साली क्लबमध्ये सौदी पैसा आल्यापासून मागणी इतकी वाढली आहे की नव्या माणसाला या रांगेत शिरणेच दुरापास्त झाले आहे. मी आधीपासून, संघ रडतखडत खेळत होता तेव्हापासून जात होतो, त्याचे फळ आता मिळते.

ल्यूटनचे मैदान आपण टीव्हीवर पाहिले असले तरी त्याचे प्रवेशद्वार पाहिले नसेल. ओक रोड नावाच्या साध्या गल्लीत एकाला एक चिकटलेली विटांची घरे आहेत आणि त्या ओळीतच, दोन घरांच्या मध्ये, पाहुण्यांचे दार आहे. आत शिरले की लोखंडी जिना वर चढतो आणि खाली लोकांची परसदारे दिसतात: कपडे वाळत घालायची दोरी, कचऱ्याचे डबे, एखादी लहान मुलाची सायकल. वर पोहोचल्यावर एकदम हिरवेगार मैदान. आम्ही ०-१ हरलो, आणि गोल केला तो आमच्याच जुन्या खेळाडूने, अँड्रॉस टाउनसेंडने. तरीही आमच्या कोपऱ्यातून शेवटच्या शिटीपर्यंत कोणी हलले नाही. स्वतःच्या मैदानावर बावन्न हजार लोक असतात, त्यांतले कित्येक ऐंशीव्या मिनिटाला गाडीतळाकडे निघतात. परगावी गेलेल्यांत सहज म्हणून आलेला कोणी नसतो. सगळे नव्वद मिनिटे उभे राहतात आणि हरत असताना अधिक मोठ्याने गातात. मला जायचे असते ते या कोपऱ्यासाठी, आणि तो टीव्हीवर दोन सेकंदांपेक्षा जास्त दिसत नाही.

एव्हर्टनच्या गुडिसन पार्कवर गेल्या ऑक्टोबरमध्ये गेलो होतो. लाकडी खुर्च्या, आणि छताला आधार देणारे खांब असे की माझ्या जागेवरून अर्धा गोलपोस्ट दिसेनासा झालेला. सामना ०-०, आमच्या गॉर्डनची पेनल्टी त्यांचा गोलरक्षक पिकफर्डने अडवली. आता तो क्लब नव्या मैदानावर जातो आहे. तिथे सगळे स्वच्छ दिसेल, पण त्या खांबाआडून मान वाकडी करून पाहण्यात जी गंमत होती ती सर्वांनाच मान्य होती, अगदी कुरकुर करणाऱ्यांनाही.

युरोपातल्या, म्हणजे चॅम्पियन्स लीगच्या, सामन्यांची गोष्ट निराळी. माझे इंग्रज मित्र गटांची सोडत झाली की त्याच संध्याकाळी विमानाची तिकिटे काढतात. भारतीय पासपोर्टवर मला आधी शेंगेन व्हिसा लागतो. २०२३ साली सोडत ऑगस्टच्या अखेरीस झाली आणि मिलानचा सामना १९ सप्टेंबरला, त्यामुळे तो हुकला. नोव्हेंबरात पॅरिसला मात्र गेलो. आमच्या इसाकच्या गोलवर आम्ही चोविसाव्या मिनिटापासून पुढे होतो आणि नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेच्या आठव्या मिनिटाला त्यांच्या एमबाप्पेने पेनल्टीवर बरोबरी साधली. पाहुण्यांच्या भागापुढे जाळी लावलेली असते. तिच्यातून तो चेंडू आत जाताना पाहिला, हे मी विसरणे शक्य नाही.

आईच्या काळजीबद्दल लिहायचे तर, तिला सांगावे की प्रेक्षकांच्या बसमध्ये दारू नेण्यास १९८५च्या कायद्यानेच बंदी आहे, आणि पोलीस आम्हाला वेगळ्या दाराने नेतात. जानेवारी २०२४ मध्ये तर अवघ्या वीस किलोमीटरवरच्या संडरलंडला आमच्यापैकी सहा हजार जणांना क्लबच्या बसगाड्यांतूनच नेले. स्वतःच्या गाडीने जाण्याची मुभा नव्हती. पेठेतल्या खुन्नशीची ज्याला सवय आहे त्याला यात नवल वाटणार नाही. तो सामना आम्ही ३-० जिंकलो. मला खरा त्रास होतो तो टीव्हीवाल्यांच्या सोयीने लंडनचा सामना रात्री आठला ढकलला जातो तेव्हा, कारण शिटी वाजेपर्यंत उत्तरेची शेवटची गाडी हातची गेलेली असते. मार्चमधल्या वेम्बलीच्या अंतिम सामन्याचे फोनवर बोलून झालेच आहे.

संडरलंड आता वरच्या श्रेणीत परतले आहे, त्यामुळे पुढच्या हंगामात तिथे पुन्हा जायचे आहे. सामन्यांचे वेळापत्रक याच महिन्यात लागेल. दिवाळीला येण्याची रजा मी त्यानंतरच टाकीन, तेव्हा दादाने तिकिटासाठी तोवर घाई करू नये. आईस साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

आपला,
धाकटा