सुहासला पत्र

जळगाव

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. "आपल्या डॉक्टर-संघटनेच्या शाखेच्या सभेत समलिंगींचा विषय कशाला? आपल्या भागात असे पेशंट आहेत कुठे?" असं तू विचारलंस. फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

आहेत रे. मध्यंतरी साक्रीकडचे एक वडील मुलाला घेऊन आले. "डाक्टर, याले नीट करी द्या." पिशवीतून जाडजूड फाइल काढली. एकाने हार्मोनची इंजेक्शनं लिहिलेली, दुसऱ्याने झोपेच्या गोळ्या, आणि शेवटच्या कागदावर खाली रेघ ओढून, 'लग्न करून द्यावे'. मुलगा शर्टाचं बटण पिळत बसला होता. घाबरला होता, झोप उडाली होती. पण वडील ज्यासाठी आले होते तो आजारच नव्हता.

वडिलांचा मला राग आला नाही, ते आपल्यावर भरवसा ठेवूनच आले होते. राग आला तो कागद लिहिणाऱ्यांचा. त्या लग्नात जी मुलगी येईल तिचा विचार कुणी केला?

आपल्या शास्त्राने हा प्रश्न कधीच निकालात काढलाय. १९७२ साली डॅलसला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या अधिवेशनात जॉन फ्रायर मुखवटा घालून, आवाज बदलून बोलायला उभे राहिले. मी समलिंगी आहे आणि मानसोपचारतज्ज्ञही आहे, हे त्यांनी आपल्याच व्यवसायबंधूंना सांगितलं. याच कारणाने त्यांना पूर्वी नोकरी सोडावी लागली होती, म्हणून तो मुखवटा. डिसेंबर १९७३ मध्ये त्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. २०१८ मध्ये आपल्याकडच्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही हा आजार नाही असं जाहीर केलं, आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. पुढे मद्रास हायकोर्टाच्या आदेशानंतर, २०२२ मध्ये, डॉक्टरी व्यवसायाचं नियमन करणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने राज्यांच्या मेडिकल कौन्सिलांना पत्राने कळवलं की समलिंगींना 'बदलण्याचे' उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन. आपल्या किती डॉक्टरांनी ते पत्र वाचलंय?

वकील-कार्यकर्ते कोर्टात लढले, पण दवाखान्यातलं हे काम आपलंच आहे. सभेत मी बोललो तर 'हा मानसोपचारवाला, याचं हेच' म्हणून सोडून देतील. तू फिजिशियन, धुळ्यात तुझा शब्द चालतो. मला वीस मिनिटं मिळवून दे, आणि माझ्यानंतर तू उभा राहा. एवढंच म्हण की असा पेशंट आला तर मी त्याला बदलायला कुणाकडे पाठवणार नाही.

कमिशनच्या पत्राची प्रत सोबत जोडतोय. तारीख ठरली की कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश