जोते तपासणीच्या वेळीच मजुरांची सुरक्षाही तपासा

महोदय,

बांधकामावरून पडून मजुराचा मृत्यू झाल्याची बातमी शहराच्या पानावर बहुधा चार ओळींत येते आणि ठेकेदारावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला, एवढ्यावर संपते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या साईटवर ३१ वर्षे काम करून मी निवृत्त झालो. त्या चार ओळींमागे काय घडलेले असते ते मी जवळून पाहिले आहे, म्हणून हे पत्र. इमारतीचे जोते, म्हणजे जमिनीच्या वर येणारा पायाचा भाग, तपासायला पालिका येते तेव्हाच मजुरांची सुरक्षाही तपासावी, असे माझे म्हणणे आहे.

एका सहा मजली इमारतीच्या चौथ्या स्लॅबचे सेंटरिंग, म्हणजे काँक्रीटला खालून दिलेला तात्पुरता आधार, नुकतेच उतरवले होते. पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीच्या, म्हणजे डक्टच्या, तोंडावर कोणी तरी, चांगल्या हेतूनेच, प्लायवूडचा तुकडा टाकून ठेवला होता. जेवणाच्या सुट्टीनंतर मुकादमाने एका बिगाऱ्याला इकडेतिकडे पडलेले प्लाय गोळा करायला सांगितले. त्याने तो तुकडा दोन्ही हातांनी छातीसमोर धरून उचलला, एक पाऊल पुढे टाकले आणि प्लायसकट तो खाली गेला. प्लाय समोर असल्याने पायाखालची मोकळी जागा त्याला दिसणे शक्यच नव्हते. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होते. एक चप्पल डक्टच्या कडेला राहिली होती. त्या साईटची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांत मीही होतो आणि ते ओझे अजून उतरलेले नाही.

हा मृत्यू टाळायला खर्च काहीच नव्हता. स्लॅबच्या सळया डक्टच्या तोंडावरून अखंड नेऊन तेवढ्या जागेत फक्त काँक्रीट भरायचे नाही, म्हणजे जाळी आपोआप तयार होते. सहा इंची अंतराच्या सळयांतून माणूस खाली जात नाही आणि प्लंबर पाइप टाकायला आला की ती जाळी कापता येते. त्या अपघातानंतर मी प्रत्येक साईटवर हे करून घेतले. सळई बांधणाऱ्यांनी सुरुवातीला कुरकुर केली, पण दुसऱ्या स्लॅबपासून त्यांना सांगावेही लागले नाही. लिफ्टच्या खड्ड्याला प्रत्येक मजल्यावर कमरेइतका पक्का कठडा, स्लॅबच्या कडेला कठडा आणि खाली जाळी, परांचीवर एक सुटी फळी न टाकता बांधलेल्या पूर्ण रुंदीच्या फळ्या, ही कामेही तशीच आहेत. ती मजुराच्या सावधपणावर सोडायची नसतात, नकाशाबरोबरच ठरवायची असतात. हेल्मेट वरून पडणाऱ्या विटेपासून वाचवते, चौथ्या मजल्यावरून पडणाऱ्याला ते वाचवू शकत नाही. तरीही आपल्याकडे सुरक्षा म्हणजे हेल्मेट आणि फाटकावरचा फलक, अशी समजूत रुजून बसली आहे, याचे मला फार वाईट वाटते.

पुणेकरांना आठवण करून द्यायला नको. जुलै २०१६ मध्ये बालेवाडीत स्लॅबचे काम चालू असताना ९ मजूर गेले. जून २०१९ मध्ये कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून मुलांसह १५ जण गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्यात सळयांची अवजड जाळी कोसळून ५ जण गेले. यात मरण पावलेले बहुतेक जण परराज्यांतून पोटासाठी आलेले होते. प्रत्येक वेळी चौकशी जाहीर झाली, काही दिवस साईटवर अधिकारी दिसले आणि पुन्हा सगळे पूर्ववत झाले.

कायदा नाही असे नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पूर्वी ५०० मजूर असलेल्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक होते, आता ती संख्या २५० वर आली आहे. हे स्वागतार्हच आहे. परंतु आपल्या उपनगरांत आणि तालुक्याच्या गावी उभ्या राहणाऱ्या पाच-सात मजली इमारतींवर एका दिवशी तीस-चाळीस माणसे असतात, स्लॅब भरण्याच्या दिवशी फार तर साठ. तिथे कायद्याने सुरक्षा अधिकारी येत नाही, आणि माझा अनुभव असा की सर्वांत हयगय तिथेच होते. सेंटरिंगचा ठेकेदार वेगळा, सळईचा वेगळा, प्लास्टरचा वेगळा. डक्ट झाकणे हे नेमके कोणाचे काम, हे कोणालाच ठाऊक नसते.

माझी सूचना साधी आहे. बांधकाम परवानगी देतानाच महापालिका बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार कल्याण उपकर वसूल करते. म्हणजे प्रत्येक साईट पहिल्या दिवसापासून पालिकेला माहीत असते. पुढे जोते तपासणीचा दाखला द्यायला पालिकेचा अभियंता साईटवर जातो, मोजमापे घेतो. त्याच भेटीत साईटवरच्या उघड्या चरांच्या आणि खड्ड्यांच्या बाजू पाहणे त्याला सहज शक्य आहे. भारतीय मानकानुसार मातीतला चर दीड मीटरपेक्षा खोल असेल तर त्याच्या बाजूंना आधार हवा आणि काढलेली माती कडेपासून किमान दीड मीटर दूर हवी. यासाठी टेप पुरेशी आहे. डक्ट आणि लिफ्टच्या खड्ड्याची झाकणी व कठडे परवानगीच्या नकाशातच दाखवणे सक्तीचे करावे, त्यांची जबाबदारी घेणाऱ्या एका व्यक्तीचे नाव विकसकाने लेखी द्यावे आणि जोत्यानंतर निदान दोनदा अचानक तपासणी व्हावी. त्रुटी आढळली तर काम थांबवण्याची नोटीस द्यावी. दंडापेक्षा थांबलेले काम विकसकाला जास्त जाचते, हे मी खात्रीने सांगतो.

आरोग्याकडे तर कोणी पाहतही नाही. कटरने कोरडी फरशी आणि ग्रॅनाइट कापणाऱ्या मुलाभोवती पांढरा धुरळा उठतो, त्यातली सिलिकाची धूळ फुप्फुसात साचून राहते आणि त्यावर उपचार नाही. पात्याशी पाण्याची बारीक धार सोडली की धूळ बरीच बसते. यासाठी लागते ती पाण्याची एक बादली आणि नळी.

शेवटी मजुरांच्या नोंदणीविषयी. कामावर अपघाती मृत्यू झाला तर राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून वारसाला ५ लाख रुपये मिळतात, पण मजूर नोंदणीकृत असेल तरच, आणि नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. नाक्यावरून रोज वेगळ्या ठेकेदाराकडे जाणाऱ्या माणसाला ते कोण देणार? उपकर भरताना विकसकाची नोंद होतेच; त्याच साईटवर शिबिर घेऊन मजुरांचीही नोंद करून घ्यावी. आयुक्तांनी मनावर घेतले तर यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते, आणि पायाची खोदाई पावसात भिजण्याआधी, म्हणजे मे अखेरपर्यंत, ते निघावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे