दर्शनी भिंतीवरच्या दगडाची पकडही तपासा

संपादक महोदय,

सोसायटीचे प्रवेशद्वार, कुंपणभिंत, इमारतीचा दर्शनी भाग यांना दगडी क्लॅडिंग, म्हणजे दगडाच्या पातळ पाट्यांचे आवरण, करण्याची पद्धत आता तालुक्याच्या गावांतही रुळली आहे. ढोलपूरचा वालुकाश्म, जैसलमेरचा पिवळा दगड, ग्रॅनाइट, स्लेट किंवा आपला काळा पाषाण, आवडेल तो बसवला जातो. सभेत चर्चा होते ती रंगाची आणि चौरस फुटाच्या दराची. दगड भिंतीला कशाने धरून ठेवायचा हे मात्र ठेकेदारावर सोडले जाते. पुढे पाट्या सुटतात त्या बहुतेक वेळा याच कारणाने.

२० मिमी जाडीचा वालुकाश्म चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतो, ग्रॅनाइट पाच किलो. म्हणजे १०० चौरस फुटांत साडेचारशे ते पाचशे किलो भार गिलाव्यावर येतो. तो गिलावा १:४ सिमेंटचा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), किमान सात दिवस पाणी मारलेला आणि नंतर नीट वाळू दिलेला हवा. जुना रंग आणि पुट्टी पूर्ण खरवडावी लागते, कारण चिकटवणी रंगाला धरते आणि रंग भिंतीला सोडतो. गुळगुळीत आरसीसीवर छिन्नीने टाचे पाडावेत, शटरिंगचे तेल पुसावे. कॉलम आणि वीटकाम जिथे मिळतात तिथे गिलाव्यात जाळी हवीच. तरीही तिथे भेग संभवते, म्हणून त्या रेषेवरून दगड आडवा नेऊ नये.

सर्वांत मोठी चूक म्हणजे चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे मसाल्याचे गोळे ठेवून दगड दाबणे. काम भराभर उरकते, पण मागे पोकळी राहते. पावसाचे पाणी तिथे साचते, सिमेंटमधले क्षार घेऊन बाहेर येते आणि दगडावर पांढरे ओघळ उठतात. त्याऐवजी भिंतीवर १० किंवा १२ मिमी दातांच्या थापीने आयएस १५४७७ या भारतीय मानकाची पॉलिमरयुक्त चिकटवणी एकाच दिशेने ओढावी, दगडाच्या धुतलेल्या पाठीवरही पातळ हात द्यावा, आणि दगड त्या रेघांना आडवा सरकवत दाबावा. पोत्यावर ‘बाहेरील भिंत’ आणि ‘नैसर्गिक दगड’ हे दोन्ही उल्लेख असल्याची खात्री करावी. मधूनमधून एखादा दगड ताजा असतानाच काढून पाहावा: बाहेरच्या भिंतीवर पाठीचा ९५ टक्के आणि आत ८० टक्के भाग माखलेला दिसला पाहिजे. कडक उन्हात वीस मिनिटांच्या आतच चिकटवणीवर साय धरते. बोटाला लागत नसेल तर ती खरवडून फेकावी, वरून पाणी शिंपडू नये.

समितीला सहज करता येईल अशी एक तपासणी आहे. एक चौरस मीटरवर एक मिमी थराला सुमारे दीड किलो चिकटवणी लागते. सहा मिमी थर असेल तर २० किलोच्या पोत्यात जेमतेम २४ चौरस फूट होतात. पोत्यामागे ४५-५० चौरस फूट झाले असतील, तर थर तीन मिमीचा आहे किंवा मागे पोकळी आहे. रिकामी पोती मोजावीत.

उन्हात तापणाऱ्या दगडाला हलायला जागा लागते. तीन मीटर लांबीचा ग्रॅनाइट ४० अंशांच्या फरकाने जवळपास एक मिमी वाढतो. दगडांमध्ये किमान तीन मिमी सांधा ठेवावा, आणि दर तीन मीटरवर उभा-आडवा आठ ते दहा मिमीचा लवचीक सांधा. त्यात फोमची दोरी आणि वर न्यूट्रल सिलिकॉन भरावे. आंबट वासाचे स्वस्त सिलिकॉन संगमरवरासारख्या चुनखडीयुक्त दगडाला खाते.

पहिल्या मजल्याच्या वर, किंवा खाली माणसांचा वावर असेल तिथे, केवळ चिकटवणीवर विसंबू नये. प्रत्येक दगडाला स्टेनलेस स्टीलची पिन किंवा क्लॅम्प हवा, कोकण किनाऱ्यावर ३१६ प्रतीचाच. साधे लोखंड गंजून फुगते आणि दगडाची कड फोडते. सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या) भिंतीत साधा अँकर धरत नाही. तिथे आरसीसीला बांधलेली चौकट लागते.

वरच्या कडेला पागोळी पुढे टाकणारे कोपिंग (भिंतीच्या माथ्यावरचे झाकण) नसेल तर बाकीची मेहनत पाण्यात जाते. खाली मातीपासून चार इंच अंतर सोडावे. ॲसिडने धुणे टाळावे: लोहयुक्त दगडावर त्याने तांबूस डाग उठतात. दगड पूर्ण वाळल्यावर पाणी आत न शिरू देणारा, पण वाफ बाहेर जाऊ देणारा सिलेन-सिलोक्झेन सीलर लावावा. चकचकीत लॅकर ओल आत कोंडते.

घरात टीव्हीमागच्या भिंतीवर दगड लावणाऱ्यांनी आधी गिलावा जिप्समचा आहे का ते पाहावे. असल्यास तेवढा भाग वीटकामापर्यंत काढून सिमेंटचा गिलावा करावा, नाहीतर फायबरची पाठ असलेला एक-दोन मिमीचा लवचीक दगडी पापुद्रा वापरावा.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींचे दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण व्हायचे असते. त्यात दर्शनी दगड हातोडीने ठोकून पाहणे सक्तीचे करावे, आणि बद्द वाजलेला, म्हणजे मागे पोकळ असलेला, प्रत्येक दगड नकाशावर खुणावून अहवालाला जोडावा, अशी सहकार खात्याला आणि महापालिकांना विनंती आहे. असे दगड आरपार छिद्र पाडून, इपॉक्सीत बसवलेल्या स्टेनलेस पिनने भिंतीला पुन्हा बांधता येतात. ते होईपर्यंत त्याखालची वाट आणि वाहनतळ बंद ठेवावे.

– एक स्थापत्य अभियंता, पुणे