डिजिपिन लिहूनही 'पत्ता अपुरा': दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय दळणवळण मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

आमच्या शेजारच्या शेतजमिनीच्या गटाची हद्दकायम मोजणी, म्हणजे सीमा ठरवणारी मोजणी, नुकतीच झाली. लगतचा खातेदार म्हणून मला पाठवलेली नोटीस 'पत्ता अपुरा' या शेऱ्यासह परत गेली आणि माझी गैरहजेरी नोंदवून मोजणी उरकली गेली. आता खुणेचे दगड माझ्या बांधाच्या आत आले आहेत. प्रकरणाच्या फाइलमधला तो लिफाफा मी नंतर पाहिला. माझे पूर्ण नाव, वस्ती, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड आणि त्याखाली घराची नेमकी जागा सांगणारा दहा अक्षरी संकेतांक म्हणजे डिजिपिन, सगळे त्यावर स्वच्छ लिहिलेले होते. नागरिकाने याहून पुरा पत्ता कसा द्यायचा?

डिजिपिन आपल्याच टपाल विभागाने 27 मे 2025 रोजी देशापुढे ठेवला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या सहकार्याने तयार झालेली ही पद्धत अक्षांश-रेखांशांवरून जमिनीचे साधारण चार मीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनाला स्वतंत्र संकेतांक देते. मी तो विश्वासाने घेतला, कारण पिनकोड पत्राला बटवड्याच्या डाकघरापर्यंत नेतो आणि तिथून पुढे सारी भिस्त पोस्टमनच्या ओळखीवर असते. आमच्या वस्त्यांवर एकाच आडनावाची घरे आहेत आणि काही ठिकाणी तर माणसाचे व वडिलांचे नावही जुळते. जुने पोस्टमन सगळ्यांना ओळखत होते, ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या मुलाला मी दोष देत नाही, कारण हा संकेतांक फोनवर कसा उघडायचा हे त्याला कोणी शिकवलेलेच नव्हते.

श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने घडवलेला पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी लागू झाला. सारख्या नावांची गावे आणि अनेक लिप्यांतले पत्ते यांतून टपाल छाटणाऱ्या माणसाला वाट सापडावी, हा त्यामागचा विचार होता. अमेरिकेने 1983 मध्ये पाच अंकी झिप कोडला आणखी चार अंक जोडले, पण ते लिहिण्याची सक्ती पत्र पाठवणाऱ्यावर केली नाही. पत्ता वाचून पूर्ण संकेत बारकोडच्या रूपात पाकिटावर छापण्याचे काम तिथे टपाल खात्याची यंत्रे करतात. आयर्लंडने 2015 मध्ये आणलेला एअरकोड तर इमारतीतल्या प्रत्येक सदनिकेलाही वेगळा मिळतो. आपल्या डिजिपिनला मजला कळत नाही, त्यामुळे शहरात एकावर एक असलेल्या घरांचा संकेतांक एकच येतो. ती उणीव मी समजून घेईन, पण उघड्या माळावरच्या एकट्या घरालाही तो उपयोगी पडत नसेल, तर तो काढला कोणासाठी?

मंत्री महोदय, माझ्याकडे आधार क्रमांक आहे, सातबाऱ्यावर भू-आधार, म्हणजे जमिनीचा ओळख क्रमांक, आहे, शेतकरी ओळख क्रमांकही मी रांगेत उभे राहून घेतला. प्रत्येक वेळी आता काम सोपे होईल असे सांगितले गेले. वसुलीसाठी मी अचूक सापडतो; माझ्या हक्काचा कागद द्यायचा असतो तेव्हाच माझे घर सापडत नाही. नवा क्रमांक जाहीर करताना दिल्लीत समारंभ होतात, मात्र तो वाचणाऱ्या शेवटच्या कर्मचाऱ्यापर्यंत प्रशिक्षण पोहोचत नाही आणि त्याची किंमत आमच्यासारख्यांनी जमिनीच्या रूपाने मोजायची. 1 सप्टेंबर 2025 पासून नोंदणी टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले. सरकारी नोटिसांचा बटवडा आता त्याच वाटेने होणार असताना हा गोंधळ आणखी किती जणांच्या बांधावर येईल, या विचाराने मी धास्तावलो आहे.

बटवडा करणाऱ्या प्रत्येक ग्रामीण डाक सेवकाला डिजिपिन वाचायला शिकवावे. ज्या लिफाफ्यावर तो लिहिलेला आहे, तो त्या चौकोनापर्यंत प्रत्यक्ष जाऊन आल्याशिवाय परत पाठवू नये, असा लेखी आदेश काढावा. आणि माझ्या पत्त्यात नेमके काय अपुरे होते, हे मला लेखी कळवावे. फेरमोजणीच्या अर्जासोबत मला ते जोडायचे आहे.

आपला,
वस्तीवर राहणारा एक खातेदार