पंधरा-पंधरा रुग्णांचे प्रबंध

महोदय,

फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाचा-श्रवणोपचार या शाखांच्या पदव्युत्तर जागा वाढल्या की त्याची बातमी होते. त्या जागांवर कसले संशोधन होते, हे मात्र कुणी विचारत नाही. अशा सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि २०२५ मध्ये आयोगाने फिजिओथेरपीसह काही शाखांचे नवे अभ्यासक्रम जाहीर केले. घडी नव्याने बसत असताना प्रबंधाचाही विचार व्हावा, म्हणून हे पत्र.

एम.पी.टी.च्या (फिजिओथेरपीतल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधाचा एक साचाच ठरून गेला आहे. गुडघ्याच्या सांधेझिजेचे ३० रुग्ण घ्यायचे. १५ जणांना व्यायाम, उरलेल्या १५ जणांना व्यायाम आणि टेपिंग (गुडघ्यावर चिकटपट्टी लावणे). वेदना ० ते १० या पट्टीवर मोजायची, ‘पी’ (उपचाराने फरक पडत नसतानाही असे आकडे निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली आला की उपचार प्रभावी. हे ३० कुठून आले, असे तोंडी परीक्षेत विचारले तर बहुतेकदा ‘मागच्या अभ्यासांत तेवढेच होते’ हे उत्तर मिळते.

आता हिशेब करून पाहू. वेदनेच्या गुणांचे प्रमाण विचलन (रुग्णारुग्णांतले गुण सरासरीभोवती किती पसरतात ते) २ धरले आणि टेपिंगमुळे १ अंकाचा जादा फरक पडेल असे मानले, तर नेहमीच्या निकषांनी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के, असलेला फरक पकडण्याची शक्ती ८० टक्के) प्रत्येक गटात ६३ रुग्ण लागतात. १५ टक्के रुग्ण मध्येच येणे बंद करतात असे गृहीत धरले की ७५. म्हणजे एकूण १५०. उलट १५-१५ रुग्णांत भरवशाने पकडता येतो तो फरक २ अंकांचा. तुलनेचा गटही व्यायाम करतोच आहे आणि व्यायामाने दुखणे कमी होतेच; त्यावर एकट्या टेपिंगने आणखी २ अंक उतरावेत, ही अपेक्षाच अवास्तव. म्हणजे पहिला रुग्ण येण्याआधीच अभ्यासाचा निकाल लागलेला असतो.

मग प्रबंधात ‘लक्षणीय सुधारणा’ कुठून येते? प्रत्येक गटाची उपचाराआधीची आणि नंतरची तुलना वेगवेगळी केली जाते. दुखणे अगदी टोकाला गेले की माणूस ओपीडीत येतो. पुढच्या काही आठवड्यांत ते थोडे उतरते, उपचार कोणताही असो. त्यामुळे दोन्ही गटांत आकडे सुंदर येतात. दोन गटांमधला फरक, म्हणजे मूळ प्रश्नाचे उत्तर, एखाद्या तक्त्याच्या तळाशी असतो आणि निष्कर्षात त्याचा उल्लेखही नसतो.

गटवाटणीचेही तेच. ओपीडीतला एक रुग्ण या गटात, पुढचा त्या गटात, याला यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) वाटणी म्हणत नाहीत. पुढचा कोणत्या गटात जाणार हे उपचार करणाऱ्याला आधीच ठाऊक असते. क्रमांक टाकलेली बंद पाकिटे हा स्वस्त उपाय आहे, पण कागद पातळ असेल तर पाकीट ट्यूबलाइटसमोर धरून आतली चिठ्ठी वाचता येते. जाड, अपारदर्शक पाकीट हवे, त्यावर आधी रुग्णाचे नाव लिहून मगच ते उघडायचे आणि यादी विभागाबाहेरच्या माणसाकडे ठेवायची. व्यायाम देणाऱ्यापासून गट लपवता येत नाही हे खरे, पण मोजमाप घेणाऱ्यापासून लपवता येतो. एवढेही अनेकदा होत नाही.

मोजमापाबद्दल थोडे. गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजण्याच्या साधनाने) गुडघ्याचे वाकणे मोजताना विश्वासार्हतेचा गुणांक (पुन्हा मोजले तर आकडे किती जुळतात ते; पूर्ण जुळले तर १) ०.९० आला की सगळे खूश होतात. पण त्या रुग्णांमधले प्रमाण विचलन १० अंश असेल, तर साधारण ९ अंशांपेक्षा कमी बदल हा मोजण्यातल्या चुकीपासून वेगळा काढताच येत नाही. ५ अंशांच्या सुधारणेवर पानेच्या पाने लिहिलेली असतात!

प्रश्नावल्यांची अवस्था आणखी बिकट. गुडघ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वोमॅक प्रश्नावलीत टबमध्ये उतरण्या-चढण्याबद्दल विचारतात. आपल्याकडच्या रुग्णाची अडचण असते मांडी घालून जेवायला बसण्याची, उकिडवे बसण्याची, शेतात निंदणीला वाकण्याची. दोघांनी स्वतंत्रपणे मराठी अनुवाद करायचा, तो एकत्र करायचा, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांकडून उलट अनुवाद घ्यायचा, समितीने मसुदा पक्का करायचा आणि ३०-४० रुग्णांवर तपासायचा, हे काम दोन वर्षांच्या पदवीत आरामात बसते आणि पुढे अनेक वर्षे वापरात राहते. पण ‘यात उपचार कुठे आहे?’ म्हणून असा विषय मागे पडतो. आमच्या मते असे प्रबंध दुय्यम मानणे हीच मोठी चूक आहे.

वेळेची अडचण खरी आहे. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा), मग एथिक्स कमिटी (नैतिकता समिती), तिच्या मंजुरीनंतर सीटीआरआय या चिकित्सा-चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी, असा क्रम आहे. १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. नंतर करता येत नाही. नोंदणीला शुल्क नाही, पण शंकांची उत्तरे देण्यात आठवडे जातात. २४ महिन्यांतून हे सगळे आणि शेवटचे लेखन वजा केले की एका विद्यार्थ्याला एका ओपीडीतून १५० रुग्ण मिळणे शक्यच नाही.

मात्र पाच महाविद्यालयांना ते शक्य आहे. आराखडा एकच, प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतःच्या ओपीडीतले नेहमीइतकेच ३० रुग्ण, गटवाटणीची यादी एका ठिकाणी, मोजमाप घेणाऱ्यांचे एकत्र प्रशिक्षण. मग एकाने वेदनेवर लिहावे, दुसऱ्याने तोल सावरण्यावर, तिसऱ्याने घरी व्यायाम कोण करतो आणि कोण सोडतो यावर. कमी जोखमीच्या बहुकेंद्री अभ्यासाला एकाच समितीकडून सामायिक परीक्षण घेण्याची सोय आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. अडते ते प्रत्येकाचा प्रबंध पूर्णपणे एकट्याचा असावा या हट्टापाशी.

पीएच.डी.चे दुखणे वेगळे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ची सोय आहे, हे चांगले आहे, कारण या शाखांतले बहुतेक उमेदवार नोकरी करणारे अध्यापक असतात. पण नेट या यूजीसीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या विषयांत फिजिओथेरपी नाही, ऑक्युपेशनल थेरपीही नाही. त्यामुळे दरमहा ३७,००० रुपयांची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती स्वतःच्या विषयातून मिळवण्याचा तो दरवाजा बंदच आहे. पूर्णवेळ संशोधक मग येणार कुठून?

आयोगाने आणि विद्यापीठाने दोन गोष्टी लगेच कराव्यात. सिनॉप्सिसच्या अर्जात रुग्णसंख्येचा पूर्ण हिशेब, त्यातला अपेक्षित फरक आणि तो कोणत्या आधारावर धरला, हे रकाने सक्तीचे करावेत. आणि सामायिक आराखड्यावरचे प्रबंध स्वीकारले जातील, असे लेखी परिपत्रक काढावे. नेटमध्ये विषय घालण्याचा प्रस्ताव आयोगानेच यूजीसीकडे पाठवायला हवा. एकेका महाविद्यालयाच्या पत्राने ते होणार नाही.

— पदव्युत्तर फिजिओथेरपीचे काही मार्गदर्शक व परीक्षक, पुणे