पहिल्या सत्राची प्रॅक्टिकल पुन्हा घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी जिंतूर तालुक्यात बोरीच्या अलीकडच्या एका खेड्यात राहते आणि परभणीला बी.एस्सी. प्रथम वर्षात शिकते. कोरोनामुळे बंद असलेले कॉलेज १ फेब्रुवारी २०२२ ला पुन्हा उघडले, त्याला महिना उलटून गेला. पोरे वर्गात बसायला लागली, आता अभ्यासाची काळजी मिटली, असे गावात सगळे म्हणतात. आमच्या वर्गात ती मिटलेली नाही, म्हणून हे पत्र.

फेब्रुवारीत रसायनशास्त्राच्या मॅडमनी पहिल्या सत्रातला एक प्रयोग मुद्दाम पुन्हा करायला लावला. ऑक्झॅलिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइडचे टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरे थेंबथेंब सोडून रंग बदलेपर्यंत किती लागले ते मोजायचे. हा प्रयोग मी मोबाईलवर चार वेळा पाहिला होता. ग्रुपवर आलेली रीडिंग जर्नलमध्ये उतरवली होती, त्यावर सहीसुद्धा झाली होती. पण ब्युरेट, म्हणजे खाली नळ असलेली मोजनळी, हातात धरायची ती माझी पहिलीच वेळ. नळ किती फिरवावा याचा अंदाज येईना. शेवटच्या एका थेंबाने फिकट गुलाबी रंग यायचा, तर माझा फ्लास्क गर्द गुलाबी होऊन बसला. तीनदा केले, तिन्ही रीडिंग वेगळी. शेजारच्या तिघींचेही तेच. मग लॅबमधले मामा जवळ आले. म्हणाले, "पोरी, नळ डाव्या हातानं धर, उजव्यानं फ्लास्क हलवत राहा, अन् रीडिंग घेताना वाक, पातळी डोळ्यासमोर येऊ दे." चौथ्या वेळी नेमका रंग आला. तो रंग मी तोवर पाहिलाच नव्हता. व्हिडिओत रेंजमुळे चित्र इतके पुसट यायचे की आधीचे आणि नंतरचे पाणी एकसारखेच दिसायचे.

आम्ही बारावीचे पूर्ण वर्ष घरी काढले. २०२१ ची बोर्डाची परीक्षा रद्द झाली आणि दहावीचे ३०, अकरावीचे ३० व बारावीचे ४० टक्के धरून निकाल लागला. राज्याचा निकाल ९९.६३ टक्के होता, त्यात मीही पास झाले. पण तीन तास बसून पेपर लिहिणे म्हणजे काय, हे हात विसरला. परवाच्या चाचणीत तिसऱ्या पानावर बोटांना कळ लागली आणि येत असलेली दोन उत्तरे अर्धी राहिली.

२० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेज उघडले होते, पण कोरोना लसीचे दोन्ही डोस झालेल्यांनाच प्रवेश होता. मला पहिली कोविशील्ड सप्टेंबरात मिळाली आणि दुसरीसाठी ८४ दिवस थांबायचे होते. ते दिवस मी आमच्या माळवदावर बसून तास ऐकण्यात काढले, कारण खाली रेंज येत नाही. मोबाईल एक, शिकणारे दोघे. भावाचा तास सुरू असला की माझा बुडायचा. डिसेंबरात दुसरा डोस झाला, तर जानेवारीत कॉलेज पुन्हा बंद.

आता वर्ग भरतात, तर एसटी नाही. दिवाळीच्या तोंडावर सुरू झालेला संप अजून मिटलेला नाही. कर्मचाऱ्यांवर माझा राग नाही, माझ्या वर्गमैत्रिणीचे वडीलच वाहक आहेत आणि चार महिने त्या घरात पगार आलेला नाही. पण आमची मुक्कामी गाडी बंद आहे. पासवर तिकिटाच्या एक तृतीयांश पैशांत प्रवास व्हायचा, आता काळीपिवळीला रोज पूर्ण भाडे मोजावे लागते. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत आमचे सोयाबीन पाण्याखाली गेले. आठवड्याचे सहा दिवस यायचे म्हटले तर वडिलांकडे पैसे मागताना जीभ रेटत नाही, म्हणून मी चार दिवस येते. जे दोन दिवस बुडतात त्यांत एक प्रॅक्टिकलचा असतो. वरून ७५ टक्के हजेरीची अट आहेच.

मुलांना ऑनलाइनची चटक लागली, त्यांना परीक्षाच नको, असे सरसकट बोलले जाते. जानेवारीअखेर दहावी-बारावीची मुले ऑनलाइन परीक्षेसाठी रस्त्यावर आली, तेव्हापासून तर जास्तच. माझे मत विचाराल तर परीक्षा वर्गात, पेपरवरच व्हावी. मला बी.एस्सी. करून पुढे एम.एस्सी. करायचे आहे. न केलेल्या प्रयोगांच्या जर्नलवर मिळालेल्या गुणांचे मी काय करू?

नांदेडच्या आपल्या विद्यापीठाला आणि परभणी, हिंगोली, नांदेड, लातूरच्या प्राचार्यांना माझी विनंती एवढीच आहे, की उन्हाळी परीक्षेच्या आधी पहिल्या सत्राची प्रॅक्टिकल प्रत्यक्ष घ्यावीत. सगळी जमत नसतील तर निदान ज्यांत हात बसावा लागतो तेवढी तरी. एका ब्युरेटवर चौघे उभे राहिले तर एकच जण शिकतो, बाकीचे तिघे रीडिंग उतरवतात, म्हणून बॅच लहान कराव्यात. संप मिटेपर्यंत खेड्यावरून येणाऱ्यांची हजेरी सांभाळून घ्यावी. आणि जे शिक्षक अजूनही तासाचे रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकतात त्यांनी ते थांबवू नये. बुडालेला तास मी रात्री माळवदावर बसून ऐकते, त्याचा फार आधार होतो.

रविवारी लॅब उघडणार असेल तर आमच्या रस्त्यावरच्या पाच मुली यायला तयार आहेत. काळीपिवळीवाल्या काकांशी आम्ही बोललो आहोत. पाच सीट भरत असतील तर सकाळी सातला गाडी काढतो, म्हणाले.

आपली,
बी.एस्सी. प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी
ता. जिंतूर, जि. परभणी
मार्च २०२२